वटहुकमाचे राज्य आणि पुण्याचा एक प्राध्यापक

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, कर्जावर झाले. आता आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, त्याचे नाव ऐकले की मागच्या रांगेतले दहा जण चहाला उठतील. विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना कसे आवरायचे, हा तो विषय. उठू नका. हा विषय कापसाच्या काट्यापासूनच सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे एका खरेदी केंद्रावर गाड्या घेऊन गेलो होतो. रात्र रांगेत काढली. सकाळी एक माणूस आला. त्यानेच कापूस चिमटीत धरून प्रत ठरवली. त्यानेच काट्यावरचे वजन वहीत लिहिले. ओलाव्याची कटतीही त्यानेच लावली. आम्ही म्हटले, साहेब, कापूस खणखणीत वाळलेला आहे, आम्हाला तक्रार लिहायची आहे. त्याने आपल्याच टेबलाच्या खणातून तक्रारवही काढली आणि म्हणाला, लिहा की, संध्याकाळी मीच बघतो.

तो माणूस बेइमान होता असे आमचे म्हणणे नाही. असेल, नसेल. पण प्रत ठरवणारा, वजन करणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असला, तर तो देवमाणूस असला तरी आमची गाडी त्याच्या मर्जीवर उभी असते. माँतेस्क्यू नावाच्या फ्रेंच माणसाने १७४८ साली राज्याबद्दल हेच लिहिले. कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्याप्रमाणे निवाडा देणारा हे तिघे एकाच हातात गेले की रयतेचे काही खरे नाही. आपल्या घटनेने म्हणून तीन घरे वेगळी ठेवली. कायदा विधिमंडळाने करायचा, राबवायचा सरकारने, आणि तो घटनेत बसतो की नाही हे न्यायालयाने पाहायचे. भिंती अगदी पक्क्या आहेत असे नाही. शेताचा रस्ता कुणी अडवला तर आजही दावा तहसीलदारापुढे चालतो, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. वसुलीही महसूल खात्याची आणि निवाडाही महसूल खात्याचा. ते एक असो.

आज बोलायचे आहे ते कायदा करणाऱ्या घराची किल्ली सरकारच्या खिशात कशी जाते त्याबद्दल. त्या किल्लीचे नाव वटहुकूम.

विधिमंडळाचे अधिवेशन चालू नाही आणि काही तातडीचे आले, तर राज्यपालाने वटहुकूम काढावा अशी सोय घटनेच्या २१३ व्या कलमात आहे. राष्ट्रपतीसाठी तशीच सोय १२३ व्या कलमात आहे. राज्यपाल काढतात म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काढतात. वटहुकमाला कायद्याइतकेच बळ असते. म्हणून त्याला दावे लावले आहे: अधिवेशन भरले की तो सभागृहापुढे ठेवायचा, आणि सभागृहाने त्याचा कायदा केला नाही तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो मरतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही. म्हणजे हिशेब केला तर वटहुकमाचे आयुष्य फार तर साडेसात महिने. आपल्या तुरीच्या पिकापेक्षा थोडे जास्त.

आता बिहारमध्ये काय झाले ते ऐका.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत डी. सी. वाधवा नावाचे प्राध्यापक होते. ते ना वकील, ना पुढारी. बिहारमधल्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करता करता त्यांच्या लक्षात आले की, इथे कायद्यापेक्षा वटहुकूमच फार दिसतात. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिले असते. हे गृहस्थ मोजायला बसले. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या विधिमंडळाने केलेले कायदे निघाले १८९. राज्यपालांच्या सहीने निघालेले वटहुकूम २५६. आणि हे वटहुकूम साडेसात महिन्यांत मरतच नव्हते. मुदत संपायच्या आत तोच मजकूर, नवा क्रमांक, नवी तारीख, की पुन्हा जिवंत. एकेका दिवशी पन्नासच्या आसपास वटहुकूम असे जिवंत केलेले आढळले.

त्यातला सगळ्यांत दीर्घायुषी कोणता? उसाचा. ऊस कोणी कुणाला घालायचा, खरेदी कशी व्हायची, याचा १९६८ चा वटहुकूम जवळजवळ १४ वर्षे चालला. त्या वर्षी जन्मलेले पोर नांगर धरायला लागले तरी त्याच्या बापाच्या उसावरचा कायदा सभागृहात मंजूर झालेला नव्हता. पंचायत राज्याबद्दलचा एक वटहुकूम ११ वर्षांहून अधिक जगला. गावाला राज्य द्यायचे, तेही आमदारांना न विचारता!

ही नुसती ढिलाई होती म्हणावे तर तसेही नाही. अधिवेशन संपले की सचिवालयातून सगळ्या खात्यांना परिपत्रक जाई: अधिवेशन संस्थगित झाले आहे, आपापले वटहुकूम मुदतीच्या आत पुन्हा काढून घ्या. आणि पुढे सूचना अशी, की मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मंजुरीचीही गरज नाही. म्हणजे आमदारांनी पाहिले नाही, मंत्र्यांनीही पाहिले नाही. कारकुनाने फाइल फिरवली आणि शेतकऱ्याच्या उसावर कायदा चालू राहिला. चोरी उघड चालली होती आणि तिची पावतीही फाटत होती.

वाधवांनी हे सगळे १९८३ साली पुस्तकात छापले आणि पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. त्यांच्याबरोबर आणखी तीन अर्जदार होते. एक पाटण्यातला कॉलेजचा विद्यार्थी. एक विटांच्या धंद्यातला. आणि एक रांची जिल्ह्यातला शेतकरी. रांची तेव्हा बिहारातच होते. या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे काय? त्याच्या जमिनीतला वनोपज सरकारलाच विकायचा, भावही सरकारनेच ठरवायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, असा वटहुकूम होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे दुखणे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपली कापूस एकाधिकार खरेदी निदान विधिमंडळाच्या १९७१ च्या कायद्याने आली. ती वाईट होती की चांगली, यावर सभागृहात कुणाला तरी उभे राहून भांडता येत होते. रांचीच्या त्या शेतकऱ्याला भांडायला सभागृहच नव्हते.

सरकारी वकील म्हणाले, या प्राध्यापकाचा यात काय संबंध? न्यायालयाने सांगितले, घटनेप्रमाणे केलेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य चालावे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. २० डिसेंबर १९८६ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: असे वटहुकूम पुन्हापुन्हा काढणे ही घटनेची फसवणूक आहे. उरलेला शिक्षणाचा वटहुकूम रद्द झाला, बाकी दोन विषयांचे तोवर कायदे झालेले होते. वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यावेत असा बिहार सरकारला हुकूम झाला.

इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपवली असती. पण तीनच वर्षांनी, १९८९ साली, त्याच बिहारमध्ये ४२९ संस्कृत शाळा वटहुकमाने ताब्यात घेतल्या गेल्या, आणि १९९२ पर्यंत एकामागून एक वटहुकूम निघत राहिले. त्यातला एकही सभागृहापुढे ठेवला नाही. मास्तर पगारासाठी कोर्टात गेले. सात न्यायाधीशांचा निकाल आला तो २ जानेवारी २०१७ रोजी. वटहुकूम सभागृहापुढे ठेवलाच पाहिजे, असे त्यात स्पष्ट झाले. पंचवीस वर्षे लागली. कोर्टाचा लगाम आहे, पण तो फार उशिरा ओढला जातो, हे आम्ही आपल्यापासून लपवणार नाही.

आणि हे फक्त बिहारचे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बदल करणारा वटहुकूम दिल्लीने ३१ डिसेंबर २०१४ ला काढला. लोकसभेने विधेयक मंजूर केले, राज्यसभेत सरकारचे बहुमत नव्हते. मग राज्यसभेचे अधिवेशन संस्थगित करून एप्रिल २०१५ मध्ये वटहुकूम पुन्हा, मे महिन्यात तिसऱ्यांदा. शेवटी ३१ ऑगस्टला तो आपोआप संपू दिला. या वेळी कोर्टाचा निकाल लागायची वाट पाहावी लागली नाही. एका सभागृहाने पाय रोवले आणि देशभर शेतकरी रस्त्यावर आले, म्हणून तो थांबला.

२०२० च्या तीन शेती कायद्यांबद्दल आमच्यातच दोन मते होती, आजही आहेत. कुणाला बाजार मोकळा हवा होता, कुणाला त्यात धोका दिसत होता. ते भांडण आज उकरायचे नाही. पण कायदे आले कसे आणि गेले कसे ते पाहा. ५ जून २०२० ला वटहुकमाने आले. सप्टेंबरमध्ये घाईने मंजूर झाले. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, ते घटनेत बसतात की नाही हे न ठरवताच, अंमलबजावणी थांबवली आणि समिती नेमली. समितीचा अहवाल मार्चमध्ये बंद पाकिटात गेला आणि पाकिटातच राहिला. पुढच्या वर्षी समितीच्या एका सदस्यानेच तो लोकांपुढे ठेवला. २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी चर्चा न करता कायदे रद्द केले. ज्यांना ते हवे होते त्यांना जाताना कुणी विचारले नाही, ज्यांना नको होते त्यांना येताना विचारले नव्हते. सरकारने संसदेचे काम केले, न्यायालयानेही थोडे संसदेचेच काम केले, आणि संसदेने मात्र आपले काम केले नाही.

तर आता काम. जेवणानंतर तालुकावार बसायचे आहे. प्रत्येक तालुक्याने आपल्या आमदाराला एक पत्र लिहायचे: गेल्या दोन वर्षांत राज्यात किती वटहुकूम निघाले, त्यातले शेती, पाणी, जमीन आणि बाजार समित्यांचे किती, कोणता कोणत्या तारखेला सभागृहापुढे ठेवला, आणि त्यावर आपण स्वतः काय बोललात. विधिमंडळात काय बोलले गेले ते छापले जाते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तपासून घेता येईल. पत्र पोस्टाने, पोच घेऊन पाठवायचे. पोचपावतीची प्रत पुढच्या बैठकीला बरोबर आणा. ज्या तालुक्यात लिहिणारे कमी असतील त्यांनी आमच्याकडे या, पत्राचा मसुदा पाण्याच्या पिंपाजवळच्या टेबलावर ठेवला आहे.