आठवीत लावलेलं विरजण



एनसीसी 1948 साली सुरू झाली, 'एकता आणि अनुशासन' हे तिचं ब्रीद, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते फक्त नववीबद्दल.

आमच्या अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कामगाराची मुलगी डोळ्यांपुढे आणा. आठवीत एनसीसीत जाते. आदल्या रात्री पट्ट्याच्या बकलाला ब्रासो लावून फडक्याने घासत बसते. पहाटे कुणी हाक न मारता उठते. दहा दिवसांच्या शिबिरात उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराच्या मुलीमागे ताट घेऊन रांगेत उभी राहते, तिच्याशी मैत्री करून येते. आणि नववीची दिवाळी झाली की आईवडील शाळेत हजर: ''सर, दहावीचे क्लास लागलेत, आता हिची परेड बंद करा.''

अहो, विरजण लावल्यावर भांडं कुणी हलवतं का? अर्ध्या रात्रीत ढवळलंत, तर ना दूध राहतं ना दही. आठवीत विरजण लागतं, ते धरतं नववीत. एनसीसीच्या 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा दोन वर्षं पुरी झाल्यावरच. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी, शिबिर हवं. आणि चमचाभर विरजणाने सबंध पातेलं लागतं बरं! 15 ऑगस्टला सगळी शाळा रांगेत उभी राहते, ती नववीच्या कॅडेट्सकडे बघून.

पैशांचंही सांगतो. शिबिराचं राहणं-जेवण सरकारी खर्चाने, त्यामुळे हातावर पोट असलेल्या घरालाही मुलीला पाठवता येतं. पुढे कॉलेजात 'सी' सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत मिळवलं, तर पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वाट आहे. 'ए' नसलं तरी कॉलेजात एनसीसी घेता येते, खरं आहे. पण नववीत सोडलेली किती मुलं परत येतात? आणि सगळ्यांनी सैन्यातच जावं असं कुठे आहे? आपल्याकडे रसायनांचे कारखाने आहेत. भोंगा वाजला की न धावता, न ढकलता बाहेर पडणारा माणूस मालकालाही हवा असतो, शेजारच्या कामगारालाही.

27 जुलै 2019 आठवा. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी होते. एनडीआरएफ आली, नौदल आलं, सगळे सुखरूप सुटले. पण मदत पोहोचेपर्यंत डब्यात म्हाताऱ्यांना धीर देणं, लहानग्यांना आधी पुढे करणं, हे ज्याचं त्यालाच करावं लागतं. ते अंगवळणी पडायला...

वेळ संपत आलीय. ज्या शाळांत एनसीसीच नाही, तिथल्या मुलांचं बोलायचं राहिलं. ते पुन्हा कधी तरी. पण पालकांनो, पुन्हा सांगतो, नववीत सोडवू नका. परेड आणि क्लास एकाच वेळी येत असतील तर क्लासवाल्या सरांना भेटा, वेळ बदलून मागा. मागितली तर देतात.