मिसिसिपीचा उगम आणि आयटास्का उद्यान

अमेरिकेत ‘स्टेट पार्क’ म्हणजे केंद्र सरकारने नव्हे, तर संघातील एखाद्या घटक राज्याने आपल्या कायद्याने राखलेले व आपल्या खर्चाने चालवलेले उद्यान होय. मिनेसोटा राज्यातील आयटास्का हे या प्रकारातील जुने उद्यान मिसिसिपीच्या उगमाभोवती पसरलेले असले, तरी ते अस्तित्वात येण्यास निसर्गप्रेमाइतकाच भूगोलातील एक वाद कारणीभूत ठरला.

हेन्री स्कूलक्राफ्ट हा सरकारी अधिकारी १८३२ साली ओझाविंदिब या ओजिब्वे वाटाड्याच्या मागोमाग येथील सरोवरावर पोहोचला. ओजिब्वे, म्हणजे त्या मुलखातील मूळ रहिवासी, त्याला एल्कचे (मोठ्या फांदेदार शिंगांच्या हरणाचे) सरोवर म्हणत. स्कूलक्राफ्टने मात्र ‘वेरितास’ म्हणजे सत्य आणि ‘कापुत’ म्हणजे शिर हे दोन लॅटिन शब्द शेजारी मांडून, पहिल्याचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट छाटून ‘इतास्का’, इंग्रजी उच्चारात ‘आयटास्का’, हे नाव घडवले. वाटाड्याला आधीच ठाऊक असलेल्या जागेचा ‘शोध’ लावल्याचे श्रेयही त्यालाच मिळाले.

पुढे १८८१ मध्ये विलर्ड ग्लेझियरने खरा उगम शेजारच्या दुसऱ्याच तळ्यात असल्याचा गाजावाजा केला, तेव्हा जेकब ब्रॉवर याने त्या परिसराची बारकाईने पाहणी करून तो दावा खोडून काढला. आणि तेथील उंच पाईन वृक्ष लाकूडतोडीला बळी पडणार हे ध्यानी आल्यावर उद्यानाची मागणी लावून धरली. २० एप्रिल १८९१ रोजी कायदा झाला, तोही विधिमंडळात केवळ एका मताच्या फरकाने.

कायदा झाला म्हणून जंगल वाचले असे नव्हे. उद्यानाच्या हद्दीतील बरीच जमीन खाजगी मालकीची होती, आणि ओंडके प्रवाहातून वाहून नेता यावेत म्हणून लाकूडवाल्यांनी बंधारा घालून पाणी तुंबवल्यामुळे काठची झाडे बुडू लागली होती. वडिलांच्या निधनानंतर उद्यानाची आयुक्त झालेली २४ वर्षांची मेरी गिब्ज हिने १९०३ मध्ये दरवाजे उघडण्याचा आदेश दिला, व शस्त्रधारी माणसाच्या धमकीला न जुमानता दरवाज्याच्या दांड्यावर स्वतः हात ठेवला. तिचा कार्यकाळ अवघ्या काही महिन्यांचा ठरला, आणि तोड त्यानंतरही वर्षानुवर्षे चालूच राहिली. तरीही या इतिहासातील सर्वांत ठसठशीत क्षण तोच म्हणावा लागेल.

ज्या दगडांवरून पर्यटक आज मिसिसिपी ओलांडतात, ते मूळचे तेथील नव्हेत. १९३० च्या दशकात, बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतील मजुरांनी उगमापाशी दलदल बुजवली, प्रवाहाला नवा मार्ग खोदून दिला आणि सरोवराच्या मुखाशी लहानसा बंधारा घालून हे दगड रचले. जवळच्या लाकडी खांबावर मेक्सिकोच्या आखातापर्यंतचे अंतर कोरलेले आहे: २,५५२ मैल.