रतनगड पाहतांना
(गांवच्या तरुण मंडळीपुढें केलेलें भाषण)



रतनगडाची सहल ठरली आहे, दोन शब्द सांगा, असें तुम्ही म्हणालांत. आम्ही तो गड चढलों आहों, म्हणून सांगतों.

गड आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत आहे. पायथ्याला रतनवाडी. तेथें अमृतेश्वराचें जुनें देऊळ आहे, त्याची कोरणी डोळे भरून पाहा. पुढें प्रवरेच्या घळींतून दाट रानाची वाट. शेवटीं कडा आडवा येतो, तेथें लोखंडी शिड्या आहेत. उंची सुमारें ४२५० फूट. वर पडके दरवाजे, राणीचा हुडा म्हणतात तो बुरूज, आणि डोंगराच्या माथ्याला पडलेलें आरपार भोंक, त्याला नेढें म्हणतात. कोणी पोथी काढून त्याची कथा सांगूं लागला, तर ऐकून घ्या. पण सुईच्या नाकाला नेढें म्हणतात हें तुमच्या घरच्या गोधडी शिवणाऱ्या बाईला ठाऊक आहे. तें भोंक वाऱ्यापावसानें खडक झिजून पडलें. नांव मात्र आपल्या लोकांनीं दिलें.

वर गेल्यावर पाण्याचीं टाकीं नीट पाहा. काळ्या फत्तरांत छिन्नीनें खोदलेलीं तीं टाकीं नसतीं, तर गडावर एक दिवस कोणी टिकला नसता. राजांचीं व किल्लेदारांचीं नांवें कागदोपत्रीं सांपडतात. टाकें खोदणाऱ्या पाथरवटाचें नांव कोठें सांपडतें काय? आम्हांस तरी सांपडलें नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. हे डोंगरी गड राखीत कोण? या मुलखांत महादेव कोळी. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. कंपनी सरकारनें सह्याद्रींतल्या किती तरी गडांच्या वाटा सुरुंगानें उडविल्या आणि गड राखणाऱ्यांना घरीं बसविलें. नाइकांचे हक्क व नेमणुका कमी केल्या. पोट तुटलें, मग सावकाराचें दार आलें. यांतूनच रामजी भांगरे उठला, आणि पुढें त्याचा मुलगा राघोजी. राघोजी याच अकोले तालुक्यांतल्या देवगांवचा. १८४४ पासून त्यानें सरकारला व सावकारांना सळो कीं पळो केलें. २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याला फांशी दिलें. सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले तें १८७५ सालीं; म्हणजे राघोजी त्यांच्या आधीं एक पिढी. शाळेच्या पुस्तकांत पानिपत पाठ करविणाऱ्यांनीं हें आपल्या मुलांना किती सांगितलें, तें तुम्हीच आठवून पाहा.

गडावरून खालीं पाहाल तर भंडारदऱ्याचें पाणी चकाकतांना दिसेल. मोठें सुंदर दिसतें, यांत संशय नाहीं. तें धरण १९२६ सालीं पुरें झालें, उंची सुमारें २७० फूट. त्याच्या कालव्यांनीं संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. १९५० सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील वगैरे मंडळींनीं शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना चालू केला. तो आपल्या लोकांचा पराक्रमच. पण धरणाच्या वरच्या अंगाचें काय? जेथें आषाढांत आभाळ फाटतें, तेथल्याच वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यांत हंडा घेऊन झरे शोधतात. जमीन पाण्याखालीं गेली ती डोंगरकरांची, भिजली ती आमची. आपण कालव्याकांठचे लोक तिकडे पाहुणे म्हणून जाणार, तेव्हां हें ठाऊक असलेलें बरें. उसाच्या फडांत बसून हें कळत नाहीं.

राहिली तयारी. पावसाळ्यांत जाऊं नका, ओढ्याला लोंढा येतो आणि शिड्या शेवाळतात. मार्गशीर्ष-पौषांत जा. तें रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत येतें, म्हणून लांकूड तोडूं नका, विस्तव टाकून येऊं नका. टाक्यांत अंघोळ करणाराला आम्ही मंडळीबाहेर काढूं. भाकरी व कोरडी चटणी बरोबर घ्या. वाट दाखवायला रतनवाडीचाच माणूस घ्या, आणि त्याची मजुरी निघण्याआधीं ठरवा.