वहीतला तिसरा रकाना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरांना आम्ही सांगितले, घरचा जमाखर्च लिहून आणा. वह्या आल्या. कोणी कॅम्पातल्या दुकानदाराचा मुलगा, कोणी कामगाराची मुलगी, कोणी बारवीकडच्या पाड्यावरचा.

दोन घरांनी दुखण्यासाठी दहा-दहा हजार काढले होते. कामगाराला पगाराच्या चिठ्ठीवर पतपेढीने दिले, वर्षाला शेकडा १२ रुपयांनी. पाड्यावरच्याला चिठ्ठी नाही, तारण नाही. त्याने सावकाराकडून आणले, महिन्याला शेकडा ५ रुपयांनी. वर्षाचे व्याज एकाला १,२००, दुसऱ्याला ६,०००. दुखणे तेच, रक्कम तीच. वरचे ४,८०० हा गरीब असण्याचा दंड. त्याला काटकसरीचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

मग आम्ही तिसरा रकाना आखायला लावला. मेहनतीशिवाय काय मिळाले आणि मोबदल्याशिवाय काय गेले?

दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "फाळणीनंतर आजोबा लष्करी बराकीत आले, तेव्हा हाती काही नव्हते." खरे आहे. त्यांचे कष्ट कोणी नाकारत नाही. पण दुकानातल्या मालाची किंमत ते स्वतः ठरवू शकले. पाड्यावरच्या आजोबांच्या भाताची किंमत दुसऱ्याने ठरवली.

आणि पाणी? औद्योगिक महामंडळाचे बारवी धरण १९७२ चे. पुढे त्याची उंची वाढवली, २०१९ साली वाढीव पाणी अडले आणि मुरबाड तालुक्यातल्या गावपाड्यांची जमीन बुडाली. ते पाणी कारखान्यांना, शहरांच्या नळांना जाते. नळाचे बिल वहीत होते. बुडालेले शेत कोणाच्याच वहीत नव्हते.

हा हिशेब नवा नाही. १८८२ साली जोतिबा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिकतात वरच्या वर्गाची पोरे.

आम्हाला कोणाला शरमिंदे करायचे नाही. दुकानदाराच्या पोराने आपल्याला काय आयते मिळाले ते लिहावे. आपल्या पोराने बापाचे कर्ज लपवू नये. कर्ज हे बापाचे पाप नव्हे, हे त्याला आकड्यांतून कळू द्या.

तेव्हा गावी गेल्यावर पोरांपुढे वही ठेवा. काय विकले, काय भावाने, उत्पादनखर्च किती, व्याज किती, सारे खरे सांगा. लिहायला त्यांना येते. सांगायचे धाडस आपण करायचे आहे.