जाहिरात नंतर, आधी नकाशा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, हॉटेल व्यवसाय आणि सोशल मीडिया. मी सॉफ्टवेअरवाली. पण आपल्या बॅचमधले काही जण लॉज आणि खानावळी चालवतात, आणि रात्री साडेदहाला फोन करून एकच विचारतात, "इन्स्टाग्रामवर जाहिरात टाकू का?" माझं उत्तर, जाहिरात नंतर. आधी नकाशा.

आपल्याकडे येतं कोण ते बघा. आषाढीनंतर परतवारीला येणाऱ्या वारकऱ्याला रस्ता पाठ असतो, दिंडीची उतरायची जागा ठरलेली असते. पण नामदेव महाराजांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून नांदेडला हुजूर साहिबला आलेला पंजाबी भाविकही नरसीला येतो. 2015 ला घुमानला साहित्य संमेलन झालं, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांना घुमान कळलं. तिकडच्या भाविकांना नरसी त्याआधीपासून माहीत आहे. शिवाय औंढा नागनाथला आलेली मंडळी. या लोकांचा मुक्काम आणि जेवण फोनवर ठरतं.

आता गंमत ऐका. नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात, दुसरी नरसी आहे. नांदेडहून निघालेल्या ड्रायव्हरने नुसतं 'नरसी' टाकलं तर गाडी पार उलट्या दिशेला जाईल. त्यात कोणी 'नरसी' लिहितो, कोणी 'नर्सी'. शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या बाई समोर बसल्यात, पण इथे दोन्ही चालू द्या. गूगलवर धंद्याची नोंद फुकट होते. पत्त्यात 'नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली' एवढं पूर्ण लिहा आणि वर्णनात दुसरं स्पेलिंगही येऊ द्या.

नोंद स्वतःच्या ताब्यात घ्या, कारण नकाशावरचा फोन नंबर बदलायची सूचना कोणीही पाठवू शकतो. एप्रिल 2025 मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्राने इशारा दिला होता की यात्रेकरूंना खोट्या वेबसाइटवरून निवासाचं बुकिंग देऊन लुबाडलं जातंय. उद्या पैसे चोराला देऊन एखादं कुटुंब रात्री बारा वाजता तुमच्या काउंटरवर उभं राहिलं, तर म्हाताऱ्या आईला घेऊन ते जाणार कुठे? तक्रारीसाठी 1930 आहे, पण त्या रात्री खोली तुम्हालाच द्यावी लागेल.

फोटो मंदिराचे नकोत, ते सगळ्यांकडे आहेत. संडास-बाथरूमचा फोटो टाका. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येतं, बस लावायला जागा आहे का, लोक हे शोधतात.

आपल्या एका मित्राच्या लॉजवर पाणी गेलं आणि पाहुण्याने एक स्टार दिला. मित्र म्हणाला, "भावकीतल्या वीस जणांना पाच स्टार द्यायला लावतो." गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि एकाच दिवशी वीस वेळा 'छान सेवा' दिसलं की वाचणारा काय ते ओळखतो. मी त्याला आधी मोटार बदलायला लावली. मग त्याने लिहिलं, "त्या दिवशी मोटार जळाली, टँकर उशिरा आला, तुम्हाला त्रास झाला. आता नवी मोटार आणि वर एक जादा टाकी बसवली आहे." मोटार बसेपर्यंत मी त्याला एक ओळ लिहू दिली नाही. ते उत्तर आता पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस 2018 पासून फुकट आहे. दर, लोकेशन, जेवणाची वेळ यांची तयार उत्तरं मराठी, हिंदी आणि पंजाबीत भरून ठेवा. परतवारीचा दर वेगळा असेल तर आधीच सांगा. फोनवर आठशे आणि दारात पंधराशे, हे लोक विसरत नाहीत. रोजचं 'सुप्रभात' पाठवू नका, माणूस ब्लॉक करतो आणि पुढच्या वर्षीचा निरोपही बुडतो. पाहुण्यांच्या आधारचे फोटो पोराच्या मोबाइलमध्ये साठवू नका, हे मात्र हात जोडून सांगते.

जेवणानंतर मी दहावीच्या वर्गात बसते. ज्यांना नोंद करायची आहे त्यांनी फोन चार्ज करून आणा. खात्री करायला गूगल बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ मागतं, त्यात पाटी वाचता आली पाहिजे. पाटीवरचा रंग उडाला असेल तर आधी पेंटरला फोन करा.