शहर ज्यांच्या कष्टांवर उभे आहे : वृत्तछायाचित्रकार सुधारक ओलवे



मुळशीच्या पाण्यावर निर्माण झालेल्या विजेने मुंबई उजळली, हे या तालुक्यास नव्याने सांगावयास नको. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. शहराच्या सुखामागे कोणाचा तरी त्याग असतो; मात्र तो शहरास बहुधा दिसत नाही. असा दृष्टीआडचा माणूस समाजापुढे आणणे, हेच श्री. सुधारक ओलवे यांच्या कॅमेऱ्याचे कार्य ठरले आहे.

अकोला येथे १९६६ साली जन्मलेले श्री. ओलवे १९८८ पासून वृत्तछायाचित्रणाच्या क्षेत्रात आहेत. वृत्तपत्रीय कामाबरोबरच त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल छायाचित्रांतून टिपले. मैल्याने भरलेल्या गटारात पुरेशा साधनांवाचून उतरणारे हे कामगार बहुतांशी दलित समाजातील होत. या छायाचित्रांची दखल नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने घेतली. २०१६ साली भारत सरकारने श्री. ओलवे यांना पद्मश्री देऊन गौरविले.

छायाचित्राने कायदा होत नाही. परंतु कायदा पाळला जातो की नाही, याची साक्ष ते देते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली केंद्रीय कायदा झाला. संरक्षक साधनांवाचून गटारे व मलकुंडे साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरीही माणसे दगावत राहिली. अखेर अशा मृत्यूबद्दल वारसांस ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

हा प्रश्न केवळ महानगरांचा नव्हे. कारखाने व संगणक उद्योग यांमुळे पिरंगुट, हिंजवडी यांसारख्या गावांची वस्ती झपाट्याने वाढली. त्याबरोबर मलकुंडेही वाढली. ती उपसण्याचे काम देताना यंत्र कोणते वापरणार, माणूस आत उतरणार काय, हे ग्रामपंचायतीने आधी विचारले पाहिजे. उत्तर समाधानकारक नसेल तर काम थांबविण्याचे धैर्यही दाखविले पाहिजे.

शिक्षकांचेही कर्तव्य मोठे आहे. ही छायाचित्रे वर्गात दाखवावीत आणि आपले गाव कोण स्वच्छ ठेवतो, त्याचे नाव काय, हे विद्यार्थ्यांस विचारावे. ज्याचे नाव ठाऊक असते, त्याच्या जिवाची किंमतही ठाऊक होते.