रानपिंगळ्याच्या गावाला



परवा ओळखीतला एक मुलगा मध्य अमेरिका फिरून आला. त्याने कोस्टा रिकातल्या क्वेत्झाल पक्ष्याचे फोटो दाखवले. पाचूसारखा हिरवा रंग, लालभडक पोट, हातभर लांब शेपटी. हा पक्षी पाहायला जगभरातून माणसं तिथल्या डोंगरातल्या लहान लहान गावांत मुक्कामाला जातात आणि पहाटेच्या धुक्यात उभी राहतात. फोटो पाहून मन भरून आलं. मी सहज विचारलं, "आपल्या सातपुड्यातला रानपिंगळा पाहिलास का रे?" मुलगा जन्माने जळगावचा, पण हे नाव त्याने ऐकलंच नव्हतं. म्हणून आज रानपिंगळ्याविषयी बोलायचं ठरवलं.

साळुंकीएवढं असं हे छोटं घुबड. १८७३ साली पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे खानदेशात ब्रिटिश सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याचे काही नमुने मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर हा पक्षी कोणाच्याच हाती लागला नाही. संग्रहालयांत एकूण सातच नमुने होते, आणि त्यांतल्या एकावर १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी होती. तिच्यावर भरवसा ठेवून जाणकारांनी मांडवीकडचं रान धुंडाळलं. पक्षी कुठून सापडणार? ती चिठ्ठीच खोटी होती! रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज गृहस्थांनी ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसन यांचा नमुना लांबवला, तो नव्याने भरला आणि आपल्या नावावर खपवला होता.

ही लबाडी अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली. खोटा नमुना बाजूला काढल्यावर खऱ्या जागा कोणत्या ते कळलं. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना बरोबर घेऊन त्या भारतात आल्या. आधी जुन्या नमुन्यांची पूर्वेकडची ठिकाणं पाहिली, तिथे काही नाही. मग शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं; नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १९९८ च्या जुलैत वेगळा झाला. जग ज्याला संपला समजत होतं, तो इथल्या गुराख्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसत होता. याचा मला फार अभिमान वाटतो.

हा पक्षी यावल अभयारण्यातही आहे. भुसावळ सोडलं की फैजपूर, सावदा, रावेर, दुतर्फा केळीच केळी. मग चढण लागते आणि पाल हे गाव येतं. आम्ही माघात गेलो होतो. पहिल्या सकाळी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बरोबरचे वाटाडे तडवी दादा एकदम थांबले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, बोलू नका. शेपटी पाहा." पानं झडलेल्या सालईच्या शेंड्यावर तो बसला होता आणि शेपटीला डावीकडे-उजवीकडे झटके देत होता. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. पोट पांढरंशुभ्र, आणि पायांवर इतकी दाट पिसं की जाड पांढरे मोजेच घातलेत जणू. ऊन अंगावर घेत तो बसून होता. मग एकाएकी खाली झेपावला आणि सरडा घेऊन वर आला. सकाळचे नऊ वाजले असतील. घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी, हे आपण शाळेत शिकलो. रानपिंगळा मात्र दिवसा शिकार करतो.

  

क्वेत्झाल आणि रानपिंगळा यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही घरट्यासाठी झाडाची ढोली लागते, म्हणजे जुनं झाड लागतं. कोस्टा रिकात सान हेरार्दो दे दोता नावाच्या खोऱ्यातले शेतकरी क्वेत्झालला आवडणारी रानटी अवोकाडोची झाडं राखतात, आणि पाहुण्यांच्या येण्याने त्यांच्या घरात चार पैसे येतात. आपल्याकडे ढोलीचं झाड म्हटलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, सरपणाला. त्यात घुबडाला अपशकुनी ठरवलेलं. जादूटोण्यापायी त्याचा जीव घेणारे आजही आहेत. रानपिंगळ्याची शिकार हा कायद्याने गुन्हा आहे.

श्रोतेहो, येत्या हिवाळ्यात दोन दिवस काढा आणि पालला जा. मुलांना न्या. वनखात्याची परवानगी घ्या, वाट दाखवायला तिथलाच तडवी किंवा पावरा माणूस घ्या आणि त्याच्या श्रमाचं मोल त्याला द्या. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. त्याची वीण याच दिवसांत असते. आणि तुमच्या बांधावर एखादं ढोलीचं जुनं झाड असेल, तर ते यंदा तोडू नका.